सानिकाचा प्रश्न

त्या दिवसांत मी देवापुढे दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. आमच्या शाळेतली आठवीतली वैष्णवी गेली होती. सकाळी वडिलांच्या मागे गाडीवर बसून शाळेला येताना वळणावरच्या खडीत गाडी घसरली. वडील वाचले, ती गेली. मी तिची वर्गशिक्षिका. देवीवरचा माझा विश्वास आईकडून आलेला, कधी तपासून न पाहिलेला. तो असा एका सकाळी हलेल असं वाटलं नव्हतं.

शोकसभेत एक पाहुणे कळवळून म्हणाले, "गुणी लेकरू होतं, देवाला आवडलं, म्हणून त्यानं जवळ नेलं." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण दुसऱ्या दिवशी वैष्णवीच्या शेजारी बसणारी सानिका माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी बी चांगली वागले, तर देव मला बी नेईल का?"

मी तिला नुसतं जवळ घेतलं. त्यानंतर सानिकानं प्रार्थना म्हणणं सोडलं, अभ्यास सोडला. तिची आई फाटकाशी येऊन मला म्हणाली, "बाई, पोरगी लय गप झालीया. घास घशाखाली उतरत न्हाई तिच्या. तुमी तरी कायतरी बोला." मुख्याध्यापक भले गृहस्थ, तेही खचले होते. ते म्हणाले, "विषय काढू नका. मुलं हळूहळू विसरतील." मग वर्गात वैष्णवीचं नाव कोणीच घेईना. तिच्या बाकाला वळसा घालून मुलं ये-जा करू लागली.

रविवारी मी इंदुरीच्या किल्ल्यातल्या कडजाईच्या देवळात गेले. खरं सांगायचं तर देवीशी भांडायला गेले होते. सभामंडपात साठी उलटलेल्या एक बाई एकट्याच बसल्या होत्या. लोणावळ्याच्या निवृत्त शिक्षिका. तळेगावला नातेवाइकांकडे आल्या होत्या आणि तिथून भंडारा डोंगरावर निघाल्या होत्या. किल्ल्यासमोर रिक्षाच्या क्लचची तार तुटली, रिक्षावाला नवी तार आणायला गेला, म्हणून सावलीला आत येऊन बसल्या. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "खोबरं घेता का थोडं?" आणि मी हुंदके देऊन रडायला लागले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही समजूत घातली नाही. मग म्हणाल्या, "आमच्या शाळेतला सहावीतला एक मुलगा असाच अचानक गेला. आम्हीही त्याचं नाव घेणं बंद केलं होतं. मुलं विसरली नाहीत हो, नुसती एकेकटी पडली. पुढे एका समुपदेशक ताईंनी आम्हाला हाताला धरून शिकवलं. जे झालं ते सोप्या शब्दांत खरं सांगा. तिचं नाव घ्या. मुलांना रडू द्या, हसली तर हसू द्या. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणा."

"मला एकटीला नाही जमणार," मी म्हटलं.

"एकटीनं करायचंच नाही. उद्या मी येते ना."

तेवढ्यात बाहेरून रिक्षावाल्यानं हाक मारली, "मावशी, झाली रिक्षा, चला!"

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. मुख्याध्यापकांनी आधी काचकूच केली, पण परवानगी दिली. बाक बाजूला सारून आम्ही सगळे सतरंजीवर गोल बसलो. मी वैष्णवीचं नाव घेतलं. म्हटलं, "गाडी घसरली, तिच्या डोक्याला मार लागला, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ती वाचली नाही. ती चांगली होती म्हणून गेली नाही. कोणाच्या मनात काही वाईट आलं म्हणूनही गेली नाही. सानिका, चांगलं वागल्यामुळे कोणी मरत नाही."

सानिकानं मान वर केली. "मग देव कुटं व्हता बाई?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. मीही त्याला हेच विचारतेय."

आयुष्यभराच्या पूजेत माझ्याकडून एवढी खरी प्रार्थना कधी झाली नसेल. मी ते बोलले आणि छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटलं. सानिका मोठ्यानं रडली. मग नाक पुसत म्हणाली, "ती माझ्या डब्यातला ठेचा पळवायची आन् तिखट लागलं की मलाच शिव्या द्यायची." कोणीतरी फिसकन हसलं. मग एकेक मूल बोलू लागलं. दारात उभे असलेले मुख्याध्यापक कधी आत येऊन आमच्यात बसले, ते मला कळलंही नाही.

लोणावळ्याच्या बाईंनी नंतर तळेगावच्या एका समुपदेशक ताईंशी गाठ घालून दिली. त्या काही महिने शाळेत येत राहिल्या, मुलांशी बोलल्या, आम्हा शिक्षकांशीही बोलल्या. सानिका पुन्हा जेवू लागली. प्रार्थना मात्र तिनं बऱ्याच उशिरा म्हटली, आणि आम्ही तिला घाई केली नाही.

एके दिवशी मुलींनीच हट्ट धरला, वैष्णवीच्या घरी जायचं. मी घाबरतच त्यांना घेऊन गेले. तिची आई ओट्यावर बसली होती. सानिका म्हणाली, "काकू, वैष्णवीची लय आठवण येती." त्या माउलीनं तिला पोटाशी धरलं. "घ्या गं बायांनो तिचं नाव. हितं घरात कुणी घेतच न्हाई, मला रडू येईल म्हणून."

त्यानंतर शाळा सुटल्यावर मुली तिकडे डोकावू लागल्या. परवा मीही गेले होते.

ती रिक्षा तिथंच का थांबली, याचा शोध मी घेत नाही. देवीकडे आता उत्तर मागत नाही. जे माझ्या हातात नाही ते तिच्या पायाशी ठेवते, आणि जे हातात आहे ते करायला बळ दे म्हणते. परवा मी पोचले तेव्हा ओट्यावर सानिका मांडी घालून बसली होती. वैष्णवीची आई तिच्या केसांतला गुंता सोडवत कुरकुरत होती, "काय गं हे केस! तेल लावत न्हाईस व्हय?" मागे आणखी दोघी आपापल्या रिबिनी हातात धरून आपला नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या.