चौथ्या दिवशी उरलेली बाई

आमचा कुत्रा शेरू चुडावा गावातून हरवला. गावच्या ग्रुपवर फोटो टाकल्यावर पहिल्या दिवशी वीसेक जण शोधायला आले. चौथ्या दिवशी माझ्यासोबत एकच बाई उरली. शेजारच्या गावातली, साठीची, पायात पुरुषी चपला. नाव विचारायचंही त्राण माझ्यात नव्हतं. हाका मारून माझा घसा बसला होता. ती मात्र प्रत्येक हौदापाशी वाकून ओल्या मातीतले ठसे बघायची.

दुपारी रुळाजवळच्या पुलाशी तिनं मला हाताला धरून खाली बसवलं.

"वरडू नका, भाऊ. भ्यालेलं जनावर हाकेनं आणखी लांब पळतंय."

तिनं पदरातली भाकरी मोडून पुढं टाकली. आम्ही गप्प बसून राहिलो. तासाभरानं पुलाखालून शेरू लंगडत बाहेर आला.

"तुम्हाला हे कसं माहीत?" मी विचारलं.

"आमच्या मालकाच्या डोक्यात फरक पडला व्हता. घरातून निघून गेले, तवा अख्खं गाव हाका मारत फिरलं. लय हाका मारल्या आमी. न्हाई आले."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. शेरूला उचलण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं. गावापर्यंत त्याला तिनंच कडेवर आणलं.