बिनहुकमाचा शुक्रवार

ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, ज्याचं चित्रसुद्धा कुणी पाहिलेलं नाही, अशा माणसाचा दिवस दर वर्षी न चुकता साजरा करणारा गृहस्थ अख्ख्या पृथ्वीतलावर एकच असणार, आणि तो बहरीनमधल्या सनद गावात नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. आमच्या वरच्या मजल्यावरचे चाचा. मूळचे रत्नागिरीकडचे, मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात स्टोअरकीपर, आणि जिन्यात भेटले की गप्पांत आपला चहा निवलाच म्हणून समजा. त्यांचे खापरपणजोबा म्हणे लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले आणि इथल्याच समुद्रात मोत्यांसाठी बुड्या मारू लागले. एके दिवशी जहाजाच्या कप्तानानं, म्हणजे नाखव्यानं, सगळ्या गुलामांना समोर बसवून सांगितलं, "आजपासून माझा हुकूम खलास. तुम्ही मोकळे." खापरपणजोबा मिळेल त्या गलबतानं कोकणात उतरले आणि तिथेच त्यांनी संसार थाटला. घराण्यात गोष्ट राहिली, नाखव्याचं नाव मात्र वाटेत कुठेतरी बुडालं.

तारीखही त्याच्याबरोबरच बुडालेली, म्हणून चाचांनी ती स्वतःच ठरवली. उकाडा सरला की येणारा पहिला शुक्रवार. "गर्मीत कोण येतंय बिर्याणी खायला?" हे त्यामागचं संशोधन. त्या दिवसाचा नियम एकच. कुणी कुणाला हुकूम सोडायचा नाही. बिर्याणी अर्थात चाचाच करत, कारण चाचींना सांगायची सोय नव्हती, आणि ती कशी होई ते पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दिसे. जेवताना मीठ हवं असलं तर चाचा नुसते सुस्कारा सोडत, "मीठ जरा लांब हाय." चाची मुद्दाम ऐकून न ऐकल्यासारखं करत. वर्षातून एकदाच मिळणारी ही चैन त्या पुरेपूर उपभोगत. एका वर्षी याच शुक्रवारी मी चाचांबरोबर मनामाहून टॅक्सीनं घरी येत होतो. सनदचं वळण जवळ आलं तेव्हा मी तोंड उघडणार, तोच चाचांनी माझा हात दाबला आणि ड्रायव्हरला अदबीनं म्हणाले, "भाईसाब, वो साइड का रास्ता भी अच्छा है." ड्रायव्हर भला माणूस. "हां जी, बहुत अच्छा है," म्हणाला आणि सरळ निघाला. आम्ही सखीरला, मोटारींच्या शर्यती होतात तिथे, पोचलो. चाचा खाली उतरून म्हणाले, "हवा मस्त हाय ना?" मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

पण निवृत्ती जवळ आली तसे चाचा गप्प गप्प राहू लागले. नोकरी संपली की व्हिसा संपणार, आणि आपल्यामागे इथे नाखव्याला कोण आठवणार, हा घोर त्यांना लागला. कायमचं काहीतरी उभं राहायला हवं होतं. आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत त्यांनी स्मारकाचा विषय काढला, तर पहिलाच प्रश्न आला, "नाव काय घालायचं?" कुणीतरी सुचवलं, घाला एखादं चांगलंसं, कोण तपासतंय? एरवी मुंगीवरही न रागावणारे चाचा ताडकन उठले. "उपकार एकाचे आणि आभार दुसऱ्याचे? हे आमच्याच्यानं व्हायचं नाय." आणि तसेच निघून गेले. त्या संध्याकाळी ते जिन्यात भेटले, आणि माझा चहा निवला नाही. मला फार वाईट वाटलं.

मार्ग काढला तो आमच्या म्हाताऱ्या बहरीनी घरमालकानं. इथे लोक गेलेल्या माणसाच्या नावानं रस्त्यावर थंड पाण्याचा कूलर लावतात. येणारा जाणारा पाणी पितो आणि त्याच्यासाठी दुआ करतो. चाचांनी भीत भीत परवानगी मागितली आणि नावाची अडचणही सांगून टाकली. म्हातारा त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "नाम अल्लाह को मालूम. तुम पानी लगाओ. यल्ला, चलो."

कूलर लागला. वर पाटी, एक ओळ अरबीत आणि तीच खाली मराठीत: "ज्यानं माणसं मोकळी केली, त्या नाखव्यासाठी." उद्घाटन अर्थातच त्या शुक्रवारी. आम्ही सगळे जमलो आणि नुसतेच उभे राहिलो, कारण "प्या" असं म्हणायला चाचा तयार नव्हते आणि त्यांच्याआधी नळाला हात लावायचा आम्हाला संकोच. तेवढ्यात रस्ता झाडणारा एक कामगार आला. त्यानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाटली भरली, तिथेच बसून घटाघटा प्यायला, पाटीकडे बघून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला आणि झाडू उचलून चालू लागला. चाचा भिंतीकडे तोंड करून रडले. चाचींनी कुणी न सांगता त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

थोड्याच दिवसांत दोघं रत्नागिरीला गेली. यंदाच्या त्या शुक्रवारी मी फोन केला. हॅलोच्या आधी त्यांनी विचारलं, "पितात काय रे लोकं पाणी?" म्हटलं, पितात. दुपारी तर रांग लागते. मग त्यांना सांगावंसं वाटलं, चाचा, पुरे झालं आता, परत या. पण दिवस कुठला होता ते आठवलं. म्हणून एवढंच म्हणालो, "चाचा, वरचा मजला फार शांत आहे."

मग चाचा हळूच म्हणाले, "इथून सनद जरा लांब हाय."