मोगऱ्याचा फ्रीज

आमच्या फ्रीजमध्ये सुरुवातीला दूध, भाजी, उरलेलं वरण असं काही नसायचंच. त्यात मोगरा असायचा. मखमलाबादच्या पुढे आमची थोडी फुलशेती होती. दुपारी खुडलेली मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते आणि बाजारात सकाळी मिटलेली कळीच लागते. म्हणून आईने शहरातल्या एका बदली झालेल्या कुटुंबाकडून जुना, एका दाराचा फ्रीज घेतला. कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ती मधल्या फळीवर ठेवायची आणि सकाळच्या पहिल्या बसने नाशिकच्या फुलबाजारात एका ठरलेल्या दुकानदाराकडे पोचवायची. घरात तिची स्वतःची म्हणावी अशी ही पहिलीच गोष्ट होती. वडील शेताचं बघायचे, पण मोगरा आणि फ्रीज आईचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे घरातला बल्ब गेला तरी हाक मला यायची. मला फारसं काही येत नव्हतं, आणि हे सांगायची हिंमतही नव्हती.

त्या वर्षी लग्नसराई सुरू झाली आणि कळ्या उमलायला लागल्या. सकाळी आई फडकं सोडायची तर निम्मी फुलं झालेली. गंमत अशी की वरचा बर्फाचा कप्पा पांढऱ्याशुभ्र बर्फाने गच्च भरला होता. त्याचं छोटं दार लागतसुद्धा नव्हतं. आणि त्याच्याच खाली ठेवलेली पाण्याची बाटली माठापेक्षा गार नसायची.

"बर्फाचा कारखाना काढलाय तुम्ही मायलेकींनी," वडील म्हणायचे. "फुलं सोडा, शाळेपुढं गोळे विका. रंग मी आणून देतो."

"तुम्ही पहिलं गिऱ्हाईक," आई म्हणायची. पण हसायची नाही.

कारण दुकानदाराने तिला सांगितलं होतं, "ताई, नवरीच्या वेणीला उमललेलं फूल चालत नाही. दोनदा झालं. आता अमावास्येनंतरच्या लग्नांचा माल येईल. तेव्हा कळी मिटलेली आली नाही, तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

आईने हे मला चुलीपाशी बसून सांगितलं आणि पुढे म्हणाली, "तू बघ ना. तुला कळंल."

मी बघितलं म्हणजे काय, तर आतलं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं. गार होत नाही तर जास्त गार कर, एवढीच माझी अक्कल. बर्फ आणखी वाढला. मग त्या बटणाच्या मधोमध असलेली बर्फ वितळवायची कळ दाबली. ट्रेमध्ये थोडं पाणी जमलं, यंत्र पुन्हा सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांत बर्फ होता तेवढा झाला. शेवटी मी उलथनं घेऊन बर्फ खरवडायला बसले. आईने माझं मनगट धरलं. "राहू दे. आत काय हाय ते ठावं नाय आपल्याला." तिने तेव्हा थांबवलं नसतं तर फ्रीज कायमचा गेला असता, हे मला पुढे कळलं. बर्फाच्या मागच्या पातळ पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात.

कॉलेजात प्राध्यापकांना विचारायचं धाडस झालं नाही. घरच्या फ्रीजचा प्रश्न त्यांच्यासमोर कसा न्यायचा, असं वाटायचं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सामान देणारे-घेणारे एक काका होते. प्रात्यक्षिक संपल्यावर तारा परत करताना मी दोनदा त्यांच्यासमोर उभी राहिले आणि दोनदा तशीच निघाले. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं.

"काय हरवलंय का गं?"

"नाही काका. आमचा फ्रीज गार होत नाही."

"गार होत नाही म्हणजे काय होतं? नीट सांग."

मी सांगत गेले. बर्फ कुठे आहे, बाटली कुठे असते, यंत्र बंद होतं का. ते तर बंद व्हायचंच नाही, दिवसभर घुमत असायचं. माझं बोलणं कुणी एवढा वेळ मध्ये न तोडता ऐकतंय, याचंच मला नवल वाटत होतं.

"बर्फ म्हणजे गारवा नव्हे," ते म्हणाले. "गार असतो तो पत्रा. त्याच्यावर तू बर्फाची गोधडी घातलीयेस. गोधडीतून बाहेर गारवा येईल कसा?"

"पण बर्फ वितळवला तरी परत होतो."

"मग पाणी कुठून येतं ते शोध. फडकं ओलं असतं म्हणतेस, ते नीट पिळून, पिशवीत घालून ठेव. पण एवढा बर्फ फडक्याचा नाही. बाहेरची हवा आत जात असणार. पूर्ण बंद करून सगळा बर्फ आपोआप वितळू दे. मग दाराच्या रबरात वर्तमानपत्राची पट्टी धर, दार लाव आणि ओढ. जिथे सहज सुटेल तिथे दोष."

आईने अमावास्येचा दिवस निवडला. अवसेला लग्न नसतं आणि त्या खेपेला प्रतिपदेलाही नव्हतं, म्हणून आदल्या दिवशी आणि अवसेला कळ्या खुडायच्या नव्हत्या; फ्रीज रिकामा होता. त्या सकाळी आम्ही वायर काढली, दार उघडं ठेवलं, खाली परात मांडली. बर्फ थेंबथेंब गळत राहिला आणि मोठाले तुकडे धप्प करून पडत राहिले. वडील येता-जाता बघायचे. एक तुकडा उचलून त्यांनी कपाळाला लावला आणि ते शेतावर गेले.

दुपारी आम्ही सगळं पुसून कोरडं केलं आणि मी पट्टी घेऊन बसले. उजवी बाजू घट्ट. डावी घट्ट. खालची घट्ट. माझा धीर सुटत चालला. दुसऱ्या दिवशी कळ्या खुडायच्या होत्या आणि माझ्या हातात वर्तमानपत्राच्या चिंध्या होत्या.

"वरचं ऱ्हायलं की," आई म्हणाली.

फ्रीजवर आईने झालरीचं कव्हर घातलं होतं. झालर दाराच्या वरच्या कडेवर लोंबायची, म्हणून तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. कव्हर उचलून पट्टी धरली. ओढायचीही गरज पडली नाही, ती हातातच आली. रबरात मात्र मला काही दिसेना. आईने माझ्या शेजारी उभं राहून रबराच्या घडीवरून बोट फिरवलं. वर्षानुवर्षं दोरा ओवून तिच्या बोटांना दोऱ्याची ओळख झालेली. बोट एका जागी थांबलं आणि तिने नखाने रबरातून काळपट सुतळीचा तुकडा ओढून काढला. वीतभर असेल. मध्ये दुहेरी गाठ.

दसऱ्याची माळ. आमच्याकडे दसऱ्याला पंप, फवारणीचं यंत्र, सायकल, सगळ्याला झेंडूची माळ घालतात. फुलवाल्यांच्या घरची माळ, ती मनगटाएवढी जाड. फ्रीजच्या दाराला माळ अडकवायला जागा नव्हती, म्हणून मी दार उघडून सुतळीची दोन्ही टोकं वरून आत घेतली होती आणि रबराच्या घडीत पक्की गाठ मारली होती. फुलं वाळल्यावर माळ बाहेरून कापली गेली आणि आतला तुकडा तसाच राहिला. थंडीत फ्रीज फारसा उघडत नव्हतो, तेव्हा कुणाला काही कळलं नाही. उन्हाळा आला, मोगरा आला, दिवसातून वीसदा दार उघडायला लागलं आणि गरम हवा आत शिरत राहिली.

आईने गाठ उलटसुलट करून पाहिली.

"ही गाठ तुझी," ती म्हणाली. "अन् कात्री माझी. झालं."

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "सापडलं का काय?"

"माझी सुतळी अडकली व्हती," आई म्हणाली आणि चहा गाळत राहिली. गाठीचं तिने कधीच कुणाला सांगितलं नाही.

रबराचा दबलेला भाग मी गरम पाण्याच्या फडक्याने शेकून सरळ केला. बटण मधल्या आकड्यावर आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खुडलेल्या कळ्या पिळलेल्या फडक्यात ठेवल्या. त्यानंतरच्या सकाळी आईने माझ्यासमोर फडकं सोडलं. कळ्या तांदळासारख्या मिटलेल्या, घट्ट, गार. तिने एक माझ्या गालाला लावली. मग टोपली उचलून बसला गेली. दुकानदार टोपलीत हात घालून म्हणाला, "उद्या दुप्पट आणा." हे तिने आम्हाला जेवताना सांगितलं. वडील म्हणाले, "म्हंजे गोळ्यांचा धंदा बुडाला."

त्या आठवड्यात आईने एक पुडकं माझ्याकडे दिलं. "काकांना दे. त्यांच्या घरच्यांसाठी. म्हणावं, मिटलेल्या हायेत." काकांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर पुडकं उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "दोष कुठे निघाला?"

"दाराच्या वर. सुतळी होती." मग मी म्हणाले, "मीच बांधलेली."

"हे सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले, आणि माझं पुढचं सामान काढायला वळले. त्यानंतर दोन वर्षं मी त्यांना मनात येईल ते विचारत राहिले. मग हळूहळू प्राध्यापकांनाही.

पुढच्या दसऱ्याला आईने सगळ्या माळा ओवल्या. पंपाची, फवारणीच्या यंत्राची तिने वडिलांकडे दिली. फ्रीजची माझ्या हातात ठेवली. मी तिच्याकडे बघितलं.

"बांध की," ती म्हणाली. "तुला ठावं हाय आता, कुठं बांधायची नाय ते."

मी भिंतीत खिळा ठोकला आणि माळ फ्रीजच्या वर, दारापासून चांगली हातभर लांब टांगली.