दोन लुगडी ओढा

मोजणीमावशी सगळं लुगड्याने मोजायच्या. लग्नाचा मांडव असो की वाळवणाची गच्ची, घडी मोडायची, एक टोक कुणाच्या तरी हातात द्यायचं आणि चालत सुटायचं. घरात टेप होता, पण त्यावरचे आकडे त्यांना वाचता येत नसत. "लुगडं नऊ वार. ते खोटं बोलत न्हाई," एवढंच म्हणायच्या.

आम्ही यवतमाळकडून आलेलो. बाबा एका आयटी कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. कात्रजच्या डोंगराखाली, ओढ्याकाठच्या चाळीत आम्ही राहायचो. मावशी मूळच्या तिथल्याच. त्यांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या, मावशी मात्र ओढ्याला धरून राहिल्या. बारा बायकांचा त्यांचा गट दर मे महिन्यात ओढ्यात उतरायचा. पिशव्या, थर्माकोल, एकदा तर अख्खी गादी निघाली. गावी कधी उंबरा न ओलांडलेली माझी आई घमेलं घेऊन त्यांच्यामागे जायची. कुणी प्लास्टिकच्या पिशवीतून भाजी आणली की मावशी दारातच अडवायच्या. "पिशवी वढ्यात जाती, आन मग वढा आपल्या घरात येतो."

पावसाबद्दलही त्यांचं एक म्हणणं होतं. "आदी चार म्हैने जरा जरा वाढायचा. आता एका दुपारी सगळं ताटात वततो. मग ताट मोठं नको?"

ते ताट लहान व्हायला लागलं. पलीकडच्या काठावर नव्या इमारतीच्या पार्किंगसाठी राडारोड्याचे ट्रक रिकामे होऊ लागले. मावशींनी त्याच दिवशी ओढा मोजला. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या, हातात ताणलेलं लुगडं. बरोबर दोन लुगडी भरला. "पोरी, तू कॉलेजात जातीस. अर्ज तू लिव."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अर्जात 'दोन लुगडी' लिहायची मला लाज वाटली. टेप लावून मीटरमध्ये लिहावं, हेही सुचलं नाही. मी 'जागतिक तापमानवाढ' लिहिलं, 'पर्यावरणाचा समतोल' लिहिलं आणि बायकांना वाचून दाखवलं.

"आपलं माप कुठं हाय?" मावशींनी विचारलं.

"मावशी, अर्जात तसं लिहीत नाहीत."

"बरं बाई. तुला जास्त कळतं."

त्यांनी सगळ्यांच्या आधी अंगठा उठवला.

महापालिकेच्या ऑफिसातल्या साहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. "निबंध उत्तम आहे. ओढा किती रुंद आहे, ते राहिलं."

"दोन लुगडी," मावशी म्हणाल्या.

मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. "अहो, मग तेच लिहायचं होतं. बारा जणींच्या सह्या होत्या खाली, मी लुगडंही चालवून घेतलं असतं. आता आमचा माणूस येऊन मोजेल, त्या दिवशी असेल तेवढाच ओढा."

माणूस यायला दोन महिने लागले. तोवर भराव पडून भिंत उभी राहिली होती. त्याने भिंतीपासून मोजलं.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये एका दुपारी पाऊस ओतला. मावशींचं घर सगळ्यात खाली होतं. मावशी वाचल्या, घर राहिलं नाही. मुलगा त्यांना अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. निघताना मी पाया पडले. त्यांनी एकदा तरी मला रागवावं, असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "अभ्यास कर." मला माफी मागायची होती. मी नुसतं "हो" म्हणाले.

पुढे थंडीत भेटायला गेले, तर खिडकीशी बसलेल्या. "हितनं वढा दिसत न्हाई गं," एवढंच बोलल्या. त्याच हिवाळ्यात त्या गेल्या.

आता गटाचे अर्ज मीच लिहिते. बायका सांगतील ते माप पहिल्या ओळीत. गेल्या महिन्यात आई आणि मी ओढा मोजायला उतरलो. आईने लुगड्याचं एक टोक धरलं, मी भिंतीकडे चालत गेले. भिंतीला हात लागला, तरी पदर माझ्या हातात उरला होता.