जोगांचं लॉगिन

जोग सहा वर्षांपूर्वी वारले होते, आणि दुपारी सव्वादोनला त्यांनी लॉगिन केलं. माझ्यासमोर स्क्रीनवर त्यांचं नाव उमटलं; भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली तेच नाव आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख होती. कोपऱ्यातला प्रिंटर आपोआप सुरू झाला. शनिवार पेठेतल्या त्या रक्तपेढीचं काउंटर एक ते चार बंद असतं. खोलीत मी एकटाच. अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

कागदावर रक्ताच्या तीन पिशव्यांचे नंबर होते. खाली एक ओळ: ‘या देऊ नयेत.’

मी खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. पेढीचा जुना प्रोग्रॅम मोनोलिथ होता. म्हणजे नोंदणी, तपासणी, साठा, सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये, एकत्र कुटुंबासारखं. एक आजारी पडला की घर अंथरुणावर. आम्हाला तो क्लाउड नेटिव्ह करायचा होता. प्रत्येक कामाचा वेगळा छोटा प्रोग्रॅम, भाड्याच्या सर्व्हरवर. एक बंद पडला तरी बाकीचे चालू.

पेढीच्या प्रमुख मेधाताई डबा खाऊन आल्यावर मी विचारलं, “हे जोग कोण?”

“आमचे टेक्निशियन. हा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला. रोज यादी देतात.”

“देतात?”

“सहा वर्षांत एक खाडा नाही. तुमच्या कंपनीत आहे का असं कोणी?”

मी बॉसना फोन केला. ते म्हणाले, “गेलेल्या माणसाचं लॉगिन चालू? कोणीतरी पासवर्ड वापरतंय. आधी डिलीट कर.” नियमाने बरोबरच होतं. यादी प्रोग्रॅम काढतो, लॉगिनचा काय संबंध, असं म्हणून मी ते केलं. मेधाताईंना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वादोन वाजले. प्रिंटर गप्प. आदल्या दिवशीपेक्षा जास्त भीती मला त्या शांततेची वाटली. मेधाताई डबा अर्धा टाकून आल्या.

“यादी?”

मी काय केलं ते सांगितलं. त्या सकाळपासूनच्या सगळ्या पिशव्या काढून स्वतः पुन्हा तपासायला बसल्या. चौदाव्या पिशवीवर बी पॉझिटिव्ह लिहिलं होतं. आत ए पॉझिटिव्ह होतं. ती एका बाळंतिणीसाठी राखलेली होती, आणि हॉस्पिटलचा माणूस चारला न्यायला येणार होता.

मग मी जुना कोड ओळीने वाचला. प्रत्येक पिशवीचा रक्तगट दोघं जण वेगवेगळा तपासतात. काउंटर बंद असताना नोंदणी, दोन्ही तपासण्या आणि साठा एकत्र ताडून बघायचं काम जोगांनी प्रोग्रॅमला लावून दिलं होतं, स्वतःच्या लॉगिनवर. आमच्या आराखड्यात प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या जागी बरोबर होता. सगळ्यांकडे एकदम बघणारं कोणीच नव्हतं.

“मग क्लाउड की मोनोलिथ?” बॉसनी विचारलं.

“मोनोलिथ राहू दे. फक्त रिपोर्ट क्लाउडवर नेऊ.”

लॉगिन पुन्हा सुरू करायच्या फॉर्ममध्ये रुजू होण्याची तारीख भरावी लागते. जोगांसाठी मी त्याच दिवशीची घातली. मेधाताईंनी शांतपणे खाली सही केली.

तेव्हापासून कुठलंही लॉगिन डिलीट करण्याआधी मी विचारतो, हा माणूस काम काय करतो. तो आहे की गेला, हे नंतर.