बायकोच्या फोनातली पिवळी खूण

आमच्या टोल्यावर, म्हंजे येवढ्याशा वस्तीत, कोणाचाई फोन उघडून देणारा हुशार गडी मी एकटाच. तसा मले एकच फोन उघडता येत होता, बायकोचा, अन् त्याचा नंबर मीच टाकून देल्ला होता: एक, दोन, तीन, चार.

बायको आशाताई, म्हंजे दवाखान्याचं गावातलं काम करणारी. घरोघरी फिरून कोणाचं रक्त तपासलं, कोणाले दिवस गेले, सारं त्या दवाखान्याच्या फोनात भरते. आमच्या इकडं सिकलसेल, रक्ताची बिमारी, लई. बिमारी असली का लाल कार्ड भेटते. नुसतं रक्तात हाय पण मानसाले काई होत नाई, त्याले पिवळं. पण दोन पिवळे जुळले तर लेकरू लाल निघू शकते. लगन जुळवताना साऱ्यायच्या मनात कार्डच राह्यते, पण तोंडानं कोणी विचारत नाई, लाज वाटते.

पुतण्यासाठी टोल्यावरचीच एक पोरगी पाह्यली. तिच्या घरी आमचा चहा झाला, मोठा भाऊ खुश. मले वाटलं, आपून बी काईतरी अक्कल दाखवावी. दुसऱ्या दिवशी बायको आंघोळीले गेली तसा फोन उघडला. मी वाचाले बसलो तर एका ओळीले अर्धा दिवस जाते, म्हणून माइक दाबून पोरीचं नाव बोललो. कोण बोलून राह्यलं, हे फोन थोडी विचारते. नावासमोर पिवळी खूण आली. पिवळं तेवढं मले वाचता येते.

लगेच भावाले सांगतलं. संध्याकाळी त्यायनं लगन मोडलं. दोन दिवसांत हातपंपावरच्या बायकायले पोरीचं रक्त मालूम झालं. तिच्या बापानं दवाखाना गाठला. म्हणे, कार्ड आमच्या पेटीत, मंग हे बाहेर गेलं कसं?

यादी बायकोच्या फोनात, लगन मोडलं माझ्या भावानं; आम्हा दोघाले बोलावणं आलं. बायको गाडीवर मागं बसली, पण माझ्या खांद्याले हात नाई लावला.

दवाखान्यात डॉक्टर मॅडम, पोरगी, तिचा बाप. टेबलावर कोरा कागद. मॅडमनं समजावलं, कोणाची खाजगी माहिती परवानगीबिगर कम्प्युटरातून काढणं गुन्हा हाय. पोरीनं लिहून देल्लं तर कागद ठाण्यात जाईल, अन् आशाताईचं नाव त्यात आलं तर तिचं काम गेलंच समजा.

मले घाम फुटला का तोंड सुटते. म्हणलो, "मॅडम, मी कम्प्युटरले हातच नाई लावला. जवळून पाह्यला बी नाई कधी."

मॅडम म्हणे, "हातात फोन होता ना? तो बी कम्प्युटरच."

कोणी हासलं नाई. बायको फरशीकडं पाहून राह्यली होती. नाल्याले पूर असताना बाळंतीण खाटेवर टाकून आणणारी बाई, आज माझ्या एका बोटानं घरी बसणार. पोरीनं पेन उचलला. तवा पहिल्यांदा मी सरळ बोललो, "फोन मी उघडला. हिले मालूम नव्हतं."

पोरगी लिहीतच राह्यली. मी समोरून उलटी अक्षरं जुळवत होतो, बायकोचं नाव कुठी दिसते का म्हणून. एक बी अक्षर जुळलं नाई. शेवटी मॅडमनं वाचून दाखवलं. बायकोचं नाव नव्हतं. माझं होतं, बापाच्या नावासगट.

मॅडमनं तिथंच बायकोले फोनचा नंबर बदलाले लावला. तिनं माझ्याकडं पाठ करून बदलला.

मी हात जोडून पोरीसमोर उभा राह्यलो. ती म्हणाली, "चहाच्या दिवशी पेटीतलं कार्ड मी ओढणीत घेऊनच बसली होती, काका. येवढं तोंड चालते तुमचं, मले विचाराले काय झालं होतं?"