डाळिंबी पेटी

"साहेब, माझी हरकत हाय. ही निवडणूक रद्द करा."

निकाल जाहीर करून मी नुकताच खाली बसलो होतो. समोर अण्णा उभे, हातात अर्ज. अण्णा म्हणजे त्या गावच्या हातमाग सोसायटीचे चेअरमन, म्हणजे आता माजी. सोसायटी त्यांनीच दारोदार फिरून उभी केली होती आणि इतकी वर्षं त्यांच्याविरुद्ध कोणी फॉर्मसुद्धा भरला नव्हता. या खेपेला भरला तो लष्करातून पेन्शनीत आलेल्या एका सुभेदारानं, आणि अण्णांना चारीमुंड्या चीत केलं.

मी सहकार खात्यात इन्स्पेक्टर होतो. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सोसायट्यांच्या निवडणुका घ्यायच्या, हे माझं काम. हे गाव कुंडलच्या अंगाला. चाळीसचं दशक सरत आलं होतं. लढाईच्या काळात जे विणाल ते विकलं जायचं. पुढं मालाला उठाव राहिला नाही. माधवनगरला गिरणीचं कापड स्वस्त मिळायला लागलं, मग हातमागाच्या लुगड्याला कोण विचारतो? सोसायटीचं गोदाम आढ्यापर्यंत भरलं आणि माग एकेक करून बंद पडले. यात अण्णांचा दोष काडीचा नव्हता. माणूस धुतल्या तांदळासारखा.

"हरकत कशावर?" मी विचारलं.

"पेटीच्या रंगावर."

हे जरा समजावून सांगतो. निम्म्या सभासदांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळ्या रंगाची पेटी पडद्याआड ठेवायची. मतदारानं आत जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या रंगाच्या पेटीत टाकायची. माझ्याकडे खात्याच्या पिवळ्या आणि हिरव्या पेट्या होत्या. सुभेदारांनी निमूटपणे हिरवी घेतली. अण्णा म्हणाले, मला डाळिंबी पाहिजे. सोसायटीचं नाव डाळिंबी लुगड्यावर झालेलं. त्यांनी रंगाऱ्याकडून पिवळी पेटी डाळिंबी करून घेतली. हे नियमात बसत नव्हतं. पण अण्णांवर माझा लोभ होता आणि ते निवडून येणार याची खात्री होती, म्हणून मी कानाडोळा केला.

"रंग तुम्हीच मागितलात ना?" मी चिडून म्हणालो.

"मी मागितला. पर तुमी द्यायचा नव्हता. नियम तुमचा हाय."

बोलणं बिनतोड होतं.

"गोदामात काय पडून हाय?" अण्णा म्हणाले, "डाळिंबी लुगडी. माणूस पडद्याआड गेला, त्यानं पेटी बघितली, त्याला गोदाम आठवलं. संपलं. रंगानं घात केला माझा."

खरं सांगतो, मला ते पटलं. शिवाय हरकत मान्य केली असती तर प्रकरण वर गेलं असतं आणि फेरनिवडणुकीपर्यंत अण्णाच चेअरमन राहिले असते. ठपका माझ्यावर आला असता, तो सोसला असता. अण्णांचा पडलेला चेहरा मला बघवत नव्हता. मी टाक दौतीत बुडवला.

दाराशी सोनाबाई बसल्या होत्या. नवऱ्यामागं माग स्वतः चालवणाऱ्या, सोसायटीच्या जुन्या सभासद. त्या म्हणाल्या, "आवं सायेब, रंगाचं काय घिऊन बसलाय? अण्णांची पेटी पांढरी असती तरी मी हिरवीतच टाकली असती."

अण्णा गर्रकन वळले. "सोनाबाई, तुमीबी? माझं काय चुकलं ते सांगा."

"कायबी न्हाई चुकलं."

"मंदी साऱ्या मुलखात हाय. ती काय मी आणली?"

"न्हाई की."

"सुभेदाराला विणकामातलं काय कळतं?"

"काय सुदीक न्हाई. पर रोज सकाळी आळीत येतो, माग चालू हाय का म्हणून इचारतो. तुमी कवा आला हुता शेवटचं?"

अण्णा हळूच म्हणाले, "सांगायला काय नव्हतं गं जवळ. कुठल्या तोंडानं येऊ?"

सोनाबाईंचा आवाज उतरला. "अण्णा, तुमीबी मागावर बसलेला माणूस. माग अडला की आपण पयला काय बदलतो?"

"धोटा," अण्णा म्हणाले. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो लाकडी तुकडा.

"त्यात खोट असती म्हणून?"

"न्हाई. हाताशी त्योच असतो म्हणून."

"तसंच हाय बगा. बाजार आमच्या हाताशी न्हाई."

अण्णांनी माझ्यासमोरचा अर्ज उचलला, चार घड्या घालून खिशात ठेवला. जाताना दारात थांबून विचारलं, "आन् जुना धोटा?"

"ठेवतो की जपून," सोनाबाई म्हणाल्या. "टाकतंय कोण?"

मला फार वाईट वाटलं. पण अहवालात 'हरकत नाही' असं लिहिलं आणि सही केली.

पुढच्या निवडणुकीला मीच गेलो. मधल्या काळात बाजार आपोआप सुधारला होता आणि गोदाम मोकळं झालं होतं. सुभेदारांनी त्यासाठी काय केलं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. गावात मात्र एकच बोलणं, सुभेदारानं मंदी हटवली. अण्णा आता सोसायटीत नव्या पोरींना सूत भरायला शिकवत होते. तब्येत सुधारलेली दिसली.

सुभेदार माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साहेब, या खेपेला पेटी डाळिंबी मिळेल का? बाजारात तो रंग लय चालतोय."

मागून अण्णा हसले. "द्या की साहेब. नियम त्यांचा न्हाई, तुमचा हाय."

मी खात्याची हिरवी पेटी पुढं सरकवली. सुभेदारांना सांगितलं, "रंगाचं सोडा. गोदाम रिकामं ठेवा, आणि भरलंच तर आळीत जायचं सोडू नका."